जुन्या एमजीबीचे दिवे: एलईडी टाकू की आणखी काही? (इंदूर)

रामबागकर

मंडळी, सल्ला हवाय. थोडं पाल्हाळ लागेल, चालवून घ्या.

गाडी १९६५ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश उघडी गाडी. काकांची. काका गेल्यावर काकूला ती अंगणातून हलवायची होती आणि चुलतभावांना ‘तसली उघडी गाडी’ नको होती, म्हणून ती कडुलिंबाखालून उठून रामबागेत माझ्याकडे आली. १७९८ सीसीचं पाच बेअरिंगवालं इंजिन, अजून गोड चालतं. किल्ली फिरवली की मागून पेट्रोल पंप टक-टक-टक करतो. टकटक मंदावली की सेल्फ मारायचा. सिग्नलला पोरं विचारतात, "भिया, ही एमजी म्हणजे हेक्टरवाल्यांचीच का?" मी हो म्हणतो. हिरवा होईपर्यंत इतिहास कोण सांगणार?

आता रडगाणं. गेल्या महिन्यात महेश्वरहून मंडलेश्वर-जाम गेट-महू असे परत येत होतो. घाटावर नर्मदेकडे बघत बसलं की उठवत नाही, त्यामुळे निघायलाच उशीर. जाम घाट चढता चढता अंधार पडला. दिवे लावले तर पुढे डांबरावर चहा सांडल्यासारखा एक तपकिरी डाग. त्या डागात एकदम दोन डोळे चमकले. म्हैस. काळ्या रस्त्यावर काळी म्हैस, तीही बसलेली. गाडी थांबली तेव्हा मध्ये तीन हात अंतर उरलं असेल. तिने रवंथसुद्धा थांबवलं नाही. तिथून महूपर्यंत बायकोने मोबाइलचा टॉर्च बाहेर धरला होता, आणि दिवे बदलल्याशिवाय ती या गाडीत पाय ठेवणार नाहीये.

सध्या सात इंची गोल सील्ड बीम आहेत (काच, रिफ्लेक्टर आणि तार एकजीव असलेले). एक वायरमन म्हणतो एलईडी टाका, पंधरा मिनिटांचं काम. दुसरा म्हणतो १००/९०चे (अप्पर शंभर वॅट, डिपर नव्वद) हॅलोजन टाका, ट्रकवाले टाकतात तसे. कुणाचं ऐकू?

चकाचक

एलईडी. डोळे झाकून. मी माझ्या जिप्सीत टाकले, रात्रीचा दिवस झाला. जिप्सीचा दिवाही सात इंचीच आहे, तुमच्यात तोच बसेल.

टवाळ_तात्या

डोळे झाकून टाका, म्हणजे समोरच्यालाही झाकावे लागतील.

बाकी म्हशीला काही झालं नाही ना?

सुईदोरा

काहीही विकत घेण्याआधी एक प्रश्न. दिवे लागलेले असताना दिव्याच्या मागे किती व्होल्ट येतात, ते कुणी मोजलंय का?

रामबागकर

नाही. बॅटरी नवी आहे पण. म्हणजे बॅटऱ्या. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत.

सुईदोरा

बॅटरीवर किती आहेत ते नाही विचारलं. दिव्यापर्यंत किती पोचतात ते विचारलं.

तुमच्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट आधी डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो, तिथून खाली क्लचशेजारच्या पायाच्या डिपर स्विचमध्ये, तिथून पुन्हा पुढे रेडिएटरपाशी, तिथल्या गोळीसारख्या जोडांमधून दोन्हीकडच्या दिव्यांत. रिले (छोट्या करंटच्या खुणेवर मोठा करंट सोडणारा स्विच) एकही नाही. साठ वर्षांत यातल्या प्रत्येक सांध्यावर थोडी हिरवी बुरशी चढलेली असणार, आणि प्रत्येक सांधा आपापला हिस्सा कापून घेत असणार. पगार तालुक्याहून निघतो आणि गावात पोचेपर्यंत निम्मा होतो, तसं.

आणि त्यात टंगस्टनच्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कोसळतो. साधारण ३.४ घाताने. १३ व्होल्टऐवजी ११ मिळाले तर व्होल्टेज पंधरा टक्केच घटतं, पण उजेड चाळीस टक्क्यांहून जास्त जातो.

जेल रोडवरून एक साधा मल्टीमीटर आणा. इंजिन दोन हजार आरपीएमवर, अप्पर चालू. मग चार मापं घ्या:
बॅटरीच्या दोन टोकांत.
दिव्याच्या होल्डरवर, बल्ब लागलेला असताना.
होल्डरच्या अर्थच्या काडीपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत.
पायाच्या स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरमध्ये.

एक लक्षात ठेवा. १९६५ची एमजीबी म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. निगेटिव्ह अर्थ १९६७च्या अखेरीस मार्क टूबरोबर (एमजीबीच्या पुढच्या आवृत्तीबरोबर) आला. त्यामुळे लाल पिन बॉडीला लावायची, नाहीतर सगळे आकडे उणे दिसतील आणि तुम्ही घाबराल.

चकाचक

ताई, एवढं मोजमाप करण्यापेक्षा एलईडी स्वस्त पडेल. त्याला करंटच कमी लागतो, मग वायरिंग कसंही असेना.

वाकडा_बोल्ट

चकाचक, करंट कमी लागतो हे खरं. पण या गाडीत दोन अडचणी आहेत.

पहिली, प्लस बॉडीला. हॅलोजनच्या तारेला दिशा नसते, वीज कुठूनही येवो. एलईडीला असते. एच-फोरच्या (अप्पर-डिपर एकाच बल्बात असतात त्या मापाच्या) एलईडी बल्बांत काहींच्या ड्रायव्हरमध्ये ब्रिज असतो, ते उलट्या अर्थवरही चालतात. ज्यांत नसतो ते या गाडीत लागणारच नाहीत, आणि खोक्यावर ते लिहिलेलं नसतं.

दुसरी मोठी. एच-फोर बल्बात डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागातून उजेड निघतो आणि रस्त्यावर वर सरळ कापलेली रेघ पडते. ती तार मिलिमीटरभर सरकली तरी रेघ बिघडते. एलईडीत तारेच्या जागी चपट्या पट्टीवर दोन बाजूंना चिप. रिफ्लेक्टर ज्या ठिणगीसाठी घडवला ती ठिणगीच तिथे नाही. म्हणून गाडीपुढचे पंधरा फूट लख्ख दिसतात, आपल्याला वाटतं वा, दिवस झाला. लांबचं मात्र दिसत नाही, कारण जवळच्या लख्ख उजेडाने बुबुळ आकसलेलं असतं. आणि उरलेला उजेड समोरच्याच्या कपाळात.

तुमच्या जिप्सीला रात्री समोरचे लोक डिपर मारतात का?

चकाचक

मारतात. मला वाटायचं जिप्सी बघून ओळख दाखवतात.

टवाळ_तात्या

या प्रतिसादासाठी मी धागा जपून ठेवतोय.

ग्वाल्हेरचा_गारठा

एलईडीच्या पांढऱ्या उजेडाबद्दल आमच्याकडून एक भर. जानेवारीत ग्वाल्हेर-धौलपूर पट्ट्यात धुकं असं पडतं की बोनेटवरचं चिन्ह दिसलं तरी नशीब. भावाच्या गाडीत सहा हजार केल्विनचे पांढरेफटक दिवे, माझ्या जुन्या जीपमध्ये साधे हॅलोजन. त्याच्यापुढे दुधाची भिंत, माझ्यापुढे निदान रस्त्याची कड. पिवळा उजेड धुकं ‘भेदतो’ असं लोक म्हणतात, ते काही खरं नाही. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की ते निळा-पिवळा असा भेदभाव करत नाहीत. फरक डोळ्यात आहे, परत फिरून आलेला निळसर उजेड जास्त खुपतो. फ्रान्समध्ये १९९३पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट सक्तीचे होते, त्यामागे चकाकी कमी करायचाच विचार होता.

बडोदेकर_हेरल्ड

रामबागकर, तुमच्या काकांना सलाम. आमच्याकडे १९६०च्या दशकातली स्टँडर्ड हेरल्ड आहे, दांडिया बाजारात उभी केली की अर्धा तास गप्पांत जातो. तुमच्या हेक्टरवाल्या प्रश्नावर हसलो. त्यांचा कारखाना हालोलला, म्हणजे आमच्या दारातच. पण तुमच्या गाडीचा एक बोल्टही तिथे मिळायचा नाही!

कामाचं एकच सांगतो. जे काही कराल ते परत काढता येईल असं करा. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे परीक्षक बोनेट उघडून वायरिंगचे रंगसुद्धा बघत होते. ल्युकासचे (या ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान करणारी कंपनी) रंग ठरलेले असतात: निळा-पांढरा अप्परचा, निळा-तांबडा डिपरचा, तपकिरी बॅटरीचा, काळा अर्थचा. नवी वायर टाकलीत तरी त्याच रंगाची टाका. दहा वर्षांनी तुमच्यानंतर बोनेट उघडेल त्याचा दुवा मिळेल. आणि जुने सील्ड बीम फेकू नका, कागदात गुंडाळून माळ्यावर.

कलम_बावन्न

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, नोंदणीत लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल चालत नाही. सात इंचीच्या जागी त्याच मापाचा मान्यताप्राप्त दिवा बसवणं वेगळं आणि पुढचा पत्रा कापून नवे प्रोजेक्टर बसवणं वेगळं. गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालीत, तेव्हा २०२१च्या नियमाने विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. पण त्यात गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. मग भजी खायला महेश्वरला जाणं विसरा.

रामबागकर

भजी विसरणार नाही, साधा नंबरच बरा.

मोजलं. सुईदोरा, तुम्ही बसलेल्या असाल अशी आशा.

इंजिन चालू, बॅटरीवर १३.४. दिव्याच्या मागे १०.६.

मी तीनदा मोजलं. मल्टीमीटर बदलून शेजारच्यांचाही आणला. १०.६.

अर्थच्या बाजूला ०.९ गळतात. पायाच्या स्विचमध्ये ०.८. उरलेले १.१ डॅशचा स्विच आणि ते गोळीचे जोड वाटून खातात.

सुईदोरा

२.८ व्होल्टची वाटमारी. म्हणजे तुमच्या बल्बांना मिळायला हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी उजेड निघतोय, साधारण पंचेचाळीस टक्के. बल्ब निर्दोष आहेत हो.

आधी ०.९वाला अर्थ दुरुस्त करा, तो फुकट आहे.

टवाळ_तात्या

थोडक्यात, गाडीला नीट अर्थच लागत नव्हता.

वाकडा_बोल्ट

तात्या, साठ वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोललात.

रामबागकर, आता त्या १००/९०बद्दल. तुमच्या गाडीत बॅटरी भरायला डायनमो आहे, अल्टरनेटर नाही. सी-४० डायनमो, पूर्ण फिरला तर २२ अँपिअर. आयडलला तो काहीच देत नाही, लाल दिवा मिणमिणतो बघा. आता हिशोब. इग्निशन कॉइल चार. मागचे, नंबरप्लेटचे, मीटरचे मिळून अडीच. साधे ६०/५५ अप्परवर दहा. झाले साडेसोळा. पाऊस आला, वायपर लावला, वीसला टेकलात. ब्रेक मारला, दोन एकवीस वॅटचे बल्ब, साडेतीन आणखी. म्हणजे साध्या हॅलोजनवरच काठावर. १००/९०ने एकट्या हेडलाइटला पावणेसतरा अँपिअर लागतील. घाटात तुम्ही बॅटरी खात चालाल. शिवाय तो प्लॅस्टिकचा होल्डर वितळेल आणि रिफ्लेक्टरची चांदी काळी पडेल.

आणि या गाडीच्या फ्यूजपेटीत चालू फ्यूज दोनच असतात, बाकीचे दोन नुसते राखीव. हेडलाइटला फ्यूजच नाही. कुठे वायर घासली तर जळणार ती वायरच.

माझं मत: ६०/५५चा एच-फोर बसेल असे काचेचे सात इंची युनिट, दोन रिले (एक अप्परचा, एक डिपरचा) आणि चार फ्यूज, डावी-उजवी वेगळी. म्हणजे एक फ्यूज गेला तरी एक दिवा राहतो. रिलेला करंट सेल्फच्या सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून, अडीच स्क्वेअर एमएमची वायर. जुना स्विच आणि पायाचा डिपर आता फक्त रिलेला खूण करणार, पाव अँपिअरच्या आत. रिले घेताना आतमध्ये डायोड नसलेला घ्या, किंवा असेल तर ८५-८६ची (रिलेच्या कॉइलच्या दोन टोकांची) दिशा उलटी करायला विसरू नका. तुमची गाडी उलट्या अर्थची आहे.

बडोदेकर_हेरल्ड

आणि युनिट घेताना काचेवरचा बाण बघा. हे दुकानदारालाही माहीत नसतं. दिव्यासमोर उभं राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडे असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांचा, म्हणजे आपला. दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हीकडचा. युरोपीय युनिटवर बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांचा, त्याचा डिपर समोरच्याच्या बाजूला वर चढतो. मी ऑनलाइन स्वस्तात तसा एक घेऊन बसलोय. कुणाला पेपरवेट हवा असेल तर सांगा.

चकाचक

माझ्या जिप्सीवर बाण बघून आलो. बाण बरोबर आहे. बल्ब मात्र काढले.

ग्वाल्हेरचा_गारठा

शाब्बास. आता समोरून कुणी ओळख दाखवणार नाही, वाईट वाटून घेऊ नका.

रामबागकर

तीन रविवार गेले, पण झालं. जमेल तसं लिहितो.

पहिल्या रविवारी उजव्या दिव्याची क्रोमची रिंग काढली, आतले तीन स्क्रू सोडले, युनिट बाहेर. मागच्या वाटीत हात घातला तर ओंजळभर सुकी माती आणि तिच्यात निंबोळ्या. काकांच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या. चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं तिथे बसत गेला होता आणि अर्थची काळी वायर त्यात गाडली गेली होती. तिचं टोक हातातच तुटलं, आतून तांबं हिरवं नाही, काळं. निंबोळ्या फेकवल्या नाहीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्यात.

दोन्हीकडे पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, नवी काळी वायर, दाबलेले लग, वर ग्रीस. लगेच मोजलं. ०.९चे ०.१ झाले होते. एवढ्यावरच उजेडात फरक दिसला, बायको गॅलरीतून म्हणाली, "काय केलंस?" मी म्हटलं, माती काढली.

पायाचा स्विच उघडायचा मोह झाला. उघडला. स्प्रिंग उडून कुठे गेली ते गॅरेजच्या भिंतीला माहीत. दोन तास शोधून शेवटी बाटा चपलेच्या तळाला चिकटलेली सापडली. स्विच जसाच्या तसा परत बसवला, आता त्याच्यावर भार नाहीच.

दुसऱ्या रविवारी रिले. सगळे मूळ रंगाचे वायर काही एका दुकानात मिळाले नाहीत, निळा-तांबडा मिळेना म्हणून साध्या निळ्या वायरवर टोकांना तांबडी स्लीव्ह चढवली. बडोदेकर, चालेल का?

बडोदेकर_हेरल्ड

धावेल.

रामबागकर

तर आता बॅटरीवर १३.३ असताना दिव्यावर १२.९.

तिसरा रविवार दिव्यांची दिशा लावण्यात. रामबागेत साडेसात मीटर सपाट जागा आणि पुढे कोरी भिंत असं एकत्र मिळणं म्हणजे लग्नाच्या मुहूर्तासारखं. शेवटी जवळच्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर रात्री अकरा वाजता. चौकीदार आला, म्हणाला काय चाललंय. समजावलं. त्याला इतकी गोडी लागली की तो स्वतः चालकाच्या सीटवर जाऊन बसला, कारण सुईदोरांनी खासगी निरोपात सांगितलं होतं की गाडीत माणसाचं वजन हवं आणि टायरमध्ये हवा बरोबर हवी. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ, आणि तिच्या साडेसात सेंटीमीटर खाली दुसरी. दहा मीटरला दहा सेंटीमीटर उतार, त्या हिशोबाने. वरचा स्क्रू उंचीचा, बाजूचा डावी-उजवीचा. डिपर लावला आणि भिंतीवर ती रेघ उमटली, उजवीकडे सपाट, मधून डावीकडे तिरपी वर चढत गेलेली. वाकडा_बोल्ट, तुम्ही सांगितलेली ती वाटी मला भिंतीवर दिसली असं म्हटलं तर हसू नका.

चौकीदार म्हणाला, "साहब, हमारी स्कूटर का भी देख दो."

सुईदोरा

डायनमो कसा वागतोय? सगळं लावून बघितलंत का?

रामबागकर

बघितलं. अप्पर, वायपर, ब्रेक एकदम. दोन हजारांवर बॅटरीवर १२.७, तीन हजारांवर सावरतो. सिग्नलला उभा असताना अप्पर लावत नाही. बोल्टकाकांचा हिशोब बरोबर होता.

काल रात्री महूला जाऊन आलो, बायकोसकट. पुढे सिमरोलच्या रस्त्याला जायचा विचार होता, पण भेरूघाटाकडे रस्त्याचं काम आणि धूळ, म्हणून नको म्हटलं. महूच्या अलीकडे एक ट्रक समोरून आला. मी डिपर केला, त्यानेही केला. मला कुणी डिपर मारून दाखवला नाही. चकाचक, ओळख दाखवणारा कुणी भेटला नाही.

परत आल्यावर बायको म्हणाली, उजेड ठीक आहे, पण पावसात छत गळतंय.

टवाळ_तात्या

नवीन धागा काढा.

चकाचक

छतावर सिलिकॉन लावा, डोळे झाकून.

वाकडा_बोल्ट

चकाचक, नको. रामबागकर, आधी सांगा, पाणी कुठल्या बाजूने येतंय? काचेच्या चौकटीच्या रबरातून की मागच्या पारदर्शक खिडकीच्या शिवणीतून?